चवतीच्या चंद्रामागे चित्रा

धारवाडात कुणालाही त्याचं जन्मनक्षत्र विचारा, चरणासकट सांगेल. आई कुठल्या नक्षत्राची, बायको कुठल्या, मुलीला सांगून आलेल्या स्थळाची नाडी कुठली, सगळं तोंडपाठ. मग त्यालाच अंगणात नेऊन म्हणा, बाबा रे, तुझं ते नक्षत्र वर कुठे आहे तेवढं दाखव. लगेच त्याला कुठेतरी जायचं असल्याचं आठवतं. मेधाचं या गावाशी भांडण होतं ते एवढंच, पण ते चांगलं बारा वर्षांचं मुरलेलं होतं.

सुभाष रोडच्या मागच्या एका बोळात तिचं सासर. एका हायस्कुलात ती नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. माहेर अळणावरचं. वडील तिथल्या लाकडाच्या वखारीत कारकून होते आणि वीज गेली की ते तिला वखारीच्या आवारात नेऊन सप्तर्षी दाखवायचे. सप्तर्षींच्या शेपटीला बाक असतो. तो बाक तसाच पुढे ओढत नेला की केशरी स्वाती लागते आणि आणखी ओढला की पांढरी चित्रा. वडिलांना एवढंच येत होतं. ते गेल्यावर बाकीचं आकाश मेधानं स्वतःच लावून घेतलं. चित्रेशेजारी पंजा पसरलेला हस्त, दक्षिणेला नांगी वळवून बसलेला वृश्चिक, डोक्यावर अभिजित. गच्चीवर तिची चार इंची दुर्बीण होती आणि त्या दुर्बिणीतून आपल्या मुलाची साडेसाती किती उरली ते दिसेल का, असं विचारणारी माणसं भोवती होती.

गेल्या वर्षी पुण्यातल्या हौशी निरीक्षकांच्या एका गटानं तिला सामील करून घेतलं. हा गट पिधानं टिपायचा. चंद्र सरकता सरकता एखाद्या ताऱ्यापुढे येतो आणि तारा झाकला जातो, त्याला पिधान म्हणतात. तारा हळूहळू विझत नाही, बटण दाबावं तसा जातो. तो क्षण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेगवेगळ्या गावांतून टिपला की चंद्राच्या कडेवरचे डोंगर मोजता येतात. गटाचं काम बघणारी ज्योती म्हणाली, "नकाशावरचे आमचे ठिपके कोल्हापूरला येऊन संपतात. खाली सगळं कोरं आहे. धारवाडचा ठिपका तू." त्या दिवशी मेधानं काही कारण नसताना अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला होता.

या वर्षी चित्रेचं पिधान धारवाडहून दोनदा दिसायचं होतं. जूनमधलं पावसानं खाल्लं. दुसरं होतं पावसाळ्याच्या शेवटाला, संध्याकाळी सात चौतीसला. त्यानंतर सहा वर्षं नाव नको. एम.एस्सी. होऊन पीएच.डी.चा अर्ज ज्या बाईच्या कपाटात साड्यांखाली पडून राहिला, तिची हाव फार मोठी नव्हती. जगातल्या कुठल्यातरी एका वहीत एक आकडा आपला असावा. सात वाजून चौतीस मिनिटं आणि वर काहीतरी, धारवाड, मेधा. एवढंच.

ज्योतीनं पाठवलेल्या यादीत इंग्रजी तारीख होती. मेधानं ती भिंतीवरच्या कॅलेंडरात शोधली, तर त्या चौकोनात लाल रंगाचा गणपती बसलेला.

चवतीला चंद्र बघायचा नाही. बघितला की वर्षाच्या आत चोरीचा खोटा आळ येतो. प्रत्यक्ष श्रीकृष्णाला चुकला नाही, तिथं धारवाडच्या माणसाची काय कथा. इतर घरांत हे हसण्यावारी नेतात. या घरात नेत नसत. एकोणीस वर्षांपूर्वी मेधाचे सासरे पद्मनाभअप्पा एका सरकारी कचेरीत होते, आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं एक पाकीट सील फोडलेलं सापडलं. कपाटाची किल्ली अप्पांकडे असायची. निलंबन झालं, चौकशी लागली, पेपरात नाव आलं. पावणेदोन वर्षांनी अप्पा निर्दोष ठरले, पण ते छापायला पेपरला जागा मिळाली नाही. तेवढ्या दिवसांत हळदीकुंकवाला म्हणून या घराची पायरी कुणी चढलं नव्हतं. आणि त्या वर्षी चवतीला या घरात चंद्र दिसला होता. बोललं जायचं ते एवढंच. कुणाला दिसला, कसा दिसला, यावर सगळे गप्प. अप्पांनाच दिसला असणार, असं मेधानं आपलं धरून ठेवलं होतं.

पंधरा दिवस आधी तिनं सासूबाईंना सांगून टाकलं. शकुंतलाबाई भाजी निवडत होत्या.

"चवतीला संध्याकाळी मी गच्चीवर असेन आई. अर्धा तास. शाळेचं नाही, माझं काम आहे."

"बेड," शकुंतलाबाई म्हणाल्या. नको. कन्नडमधून नकार दिला की त्यांना तो मराठीपेक्षा मऊ वाटायचा.

"आई, सहा वर्षं परत नाही यायचं हे."

"सहा वर्षांनी बघ की मग. तेव्हा चवत नसेल."

या बाईशी भांडता येत नसे, हीच मोठी अडचण होती. शकुंतलाबाईंचा आवाज कधी चढत नसे. उभ्या जन्मात त्यांच्या तोंडची सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'शहाणी', तीसुद्धा मांजरीला. त्या नुसत्या 'बेड' म्हणायच्या आणि पुढची गवार हातात घ्यायच्या. मेधानं नवऱ्याला मध्ये घातलं. श्रीनिधी वकील. त्यानं आईची बाजू ऐकून 'हौदु', म्हणजे हो, म्हटलं, बायकोची बाजू ऐकून 'हौदु' म्हटलं, आणि दोघींनाही आपण जिंकलो असं वाटावं अशी व्यवस्था करून तो हुबळीला कोर्टात निघून गेला.

चवतीच्या सकाळी मेधा उठली तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि बारीक भुरभुर चालू होती. तिनं आभाळाला मनातल्या मनात जे ऐकवलं ते गणपतीसमोर सांगण्यासारखं नाही. गणपती बसला, पूजा झाली, एकवीस मोदक आणि त्यांच्या दुप्पट कडबू तळून झाले. दर दहा मिनिटांनी ती परसात जाऊन वर बघून यायची. चारच्या सुमारास पश्चिमेला एक निळी फट दिसली. फट रुंद होत गेली. साडेपाचला ऊन पडलं.

ती गच्चीच्या दाराशी गेली तर दाराला कुलूप. किल्ली नेहमीच्या खिळ्याला नव्हती.

"आई, गच्चीची किल्ली?"

"बघायला पाहिजे," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि देवघरात शिरल्या.

बघायला पाहिजे! मेधानं फ्रिजचा वरचा भाग बघितला, मसाल्याचा डबा बघितला, शिलाई मशीनचा खण उपसला. शकुंतलाबाई मधल्या वेळात पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या लावून घेत होत्या, पडदे ओढत होत्या. सहा वाजता घरात रात्र झाली. साडेसहाला तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या मेधाच्या शेजारी अप्पा येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून किल्ली काढून पिंपाच्या झाकणावर ठेवली.

"मी काही दिलेली नाही," ते म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

आता निघायचं, तर दारात अंबूताई. शकुंतलाबाईंची ही धाकटी बहीण हुबळीला दाजीबानपेठेत राहायची आणि दर चवतीला गणपती बघायला यायची. यायला बंदी नव्हती, पण सहा पन्नासलाच यायचं काय नडलं होतं? बरोबर मुलगा, संतोष. मेधानं हळदकुंकू लावलं, पंचखाद्य दिलं, पाणी दिलं, कडबू दिले. अंबूताईंनी एक कडबू पंधरा मिनिटं खाल्ला.

"ती तुझी दुर्बीण आहे नव्हं अजून? ह्याला शनी दाखव की एकदा. काय छळायलाय बघ पोराला."

"शनी आत्ता नाही मावशी. रात्री उशिरा."

"मग आत्ता काय आहे?"

"आत्ता चंद्र आहे," मेधा म्हणाली. ती आता बोलायची पथ्यं पाळायच्या पलीकडे गेली होती. अंबूताईंनी दोन्ही कानांना हात लावले, आणि तेवढ्यात मेधा जिन्यावर होती.

गच्चीवर गार वारा होता. पलीकडच्या गल्लीतल्या मंडळानं स्पीकर तपासायला सुरुवात केली होती, आणि मंडपावरच्या दिव्यांनी अर्धी दक्षिण धुऊन काढली होती. वृश्चिकाची नुसती ज्येष्ठा कशीबशी दिसत होती. पण पश्चिमेचं आभाळ मोकळं होतं. मेधानं दुर्बिणीवरचं प्लॅस्टिक ओढून काढलं. वायव्येला सप्तर्षी खाली झुकलेले. शेपटीचा बाक, तिथून स्वाती. तिथून पुढे नैऋत्येकडे, शेजारच्या अर्धवट बांधलेल्या तीन मजली इमारतीच्या डोक्यावर, चवतीची कोर. बारीक, पिवळसर, आणि तिच्या पोटातला काळोखा भागही राखाडी दिसत होता. त्या काळोख्या कडेच्या अगदी जवळ पांढरा टिपूस. चित्रा.

"आलीस गं बाई," मेधा मोठ्यानं म्हणाली.

सात वाजून तेवीस मिनिटं. अकरा मिनिटं हातात होती. चित्रा तासाभरानं दुसऱ्या बाजूनं बाहेर यायची, पण तोवर चंद्र त्या इमारतीमागे गेलेला असणार. म्हणजे जे काही करायचं ते एकाच क्षणात. तिनं आपला फोन कठड्यावर ठेवला. त्यात दर सेकंदाला टक् करणारं अचूक घड्याळ चालू केलं. शेजारी श्रीनिधीचा जुना फोन, त्यात रेकॉर्डिंग. काम सोपं होतं. डोळा भिंगाला लावून बसायचं, तारा गेला की 'गेली' म्हणायचं. टकटक आणि 'गेली' एकाच रेकॉर्डिंगमध्ये येतात, वेळ नंतर ऐकून काढायची. फक्त डोळा हलवायचा नाही. ज्योतीनं चारदा बजावलं होतं, पापणीसुद्धा जपून.

सात अठ्ठावीसला जिन्यावर पावलं वाजली.

शकुंतलाबाई पदर कपाळाच्याही खाली ओढून, नजर फरशीवर ठेवून, चाचपडत आल्या. दाराशीच थांबल्या.

"खाली चल."

"पाच मिनिटं आई. हात जोडते."

"बघितलास?"

"बघतेच आहे."

मागे काहीच आवाज आला नाही. मेधाला वाटलं, गेल्या. चित्रा आणि कड यांच्यात आता केसाएवढी फट होती. टक्, टक्, टक्. सात बत्तीस.

"निर्लज्ज!"

मेधा दचकली, पण डोळा हलला नाही. हा आवाज कुणाचा ते तिला क्षणभर कळलंच नाही.

"भवानी! घरबुडवी! कत्ती कुठची!" शकुंतलाबाई ओरडत होत्या. घसा खरवडून, बोळाच्या टोकापर्यंत जाईल असं. "सासूचं ऐकायला नको, देवाचं ऐकायला नको! कैदाशीण! कुठल्या रानातनं आणली ही उंडगी आमच्या घरात!"

बारा वर्षांत ज्या बाईनं आवाज चढवला नव्हता, तिला आजचाच दिवस, हीच दोन मिनिटं सापडली होती. मेधाचे कान तापले. शेजारच्या गच्चीवर वनिता कपडे काढायला आली होती, तिची बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. ऐकत होती. उद्या सगळा बोळ ऐकणार होता. मेधानं दात आवळले. टक्, टक्. बोलू दे. काय वाटेल ते बोलू दे. सात तेहतीस. राखाडी कड ताऱ्याला टेकली की काय असं वाटत होतं.

"चोरटी! किल्ली चोरलीस माझी! चोरच तू! हेच शिकवलं तुझ्या बापानं? वखारीत बसून लाकडं चोरली असतील त्यानं! चोराची पोर!"

"आई! बाबांचं नाव काढायचं नाही!"

मान वळली होती. मेधाला ते कळलं तेव्हा तिच्यासमोर शकुंतलाबाईंचा पदरात झाकलेला चेहरा होता. तिनं झटकन डोळा भिंगाला लावला. कोर होती. राखाडी कड होती. कडेशेजारी काळं, स्वच्छ, रिकामं आकाश होतं.

चित्रा गेली होती.

तिनं पुन्हापुन्हा बघितलं. दुर्बीण हलली असेल, भिंगावर दंव असेल, असंही करून बघितलं. टक्, टक्, टक्. मग पावलं जिना उतरून गेली, आली होती तशीच चाचपडत.

मेधा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली आणि रडली. हुंदके देऊन नव्हे. संतापानं नाक-डोळे गळतात तसं. सहा महिन्यांची तयारी! पावसात जून गेला तेव्हा निदान पावसावर चिडता आलं होतं. आज आभाळ मोकळं होतं, दुर्बीण ठीक होती, चंद्र वेळेवर आला होता, तारा वेळेवर गेला होता. सगळ्या विश्वानं आपलं काम चोख केलं होतं आणि या घरातल्या एका बाईनं त्यावर पाणी ओतलं होतं. आणि वर बाबांना चोर. ज्या माणसानं वखारीतलं ढलपं कधी चुलीला घरी आणलं नाही, त्याला.

ज्योतीचा फोन आला. "मिळाली?"

"नाही."

"काय झालं?"

"नाही मिळाली, ज्योती. विचारू नकोस."

"रेकॉर्डिंग ऐकून तरी बघ. कधीकधी आपण बोलून गेलेलो असतो आणि लक्षात नसतं."

आपण काय बोलून गेलो ते मेधाच्या चांगलं लक्षात होतं. तरी तिनं कानात इअरफोन घातले. नुसता राग धरून बसण्यापेक्षा काहीतरी हाताला चाळा. टक्, टक्. स्वतःचं 'हात जोडते' ऐकू आलं. मग 'निर्लज्ज'. फोन कठड्यावर, दाराच्या बाजूलाच होता. शकुंतलाबाईंचा आवाज तिच्या स्वतःच्या आवाजापेक्षा जवळचा वाटत होता. 'भवानी, घरबुडवी.' मेधा बंद करणार होती. तेवढ्यात दोन शिव्यांच्या मधल्या जागेत काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. तिनं मागे नेऊन आवाज वाढवला.

"…झाल्या चार. गणराया, बघितलाय रे हिनं, पण लागू देऊ नको…"

आणि लगेच घसा खरवडून, "कैदाशीण!"

मेधा उठून उभी राहिली. पुढे ऐकलं. 'उंडगी'नंतर शकुंतलाबाई धाप लागल्यासारख्या श्वास घेत होत्या. मग 'चोरटी', मग 'किल्ली चोरलीस', आणि मग अगदी हळू, रडवेल्या आवाजात, "…मी म्हटलं बघ तिला चोर. झालं की नाही? आता बाहेरच्या कुणाला म्हणू देऊ नको. हिच्या नशिबातलं मीच म्हणून टाकते…" आणि शेवटी सगळा जीव एकवटून 'चोराची पोर'.

जिन्यात अप्पा उभे होते. आकाशाकडे पाठ करून, हातात बॅटरी घेऊन.

"उतरताना पाय घसरेल म्हणून आलो," ते म्हणाले.

"अप्पा, आई शिव्या मोजत का होत्या?"

अप्पांनी बॅटरी लावली, बंद केली. "तुमच्याकडं नाही का करत? चवतीचा चंद्र दिसला की दुसऱ्याच्या शिव्या खायच्या. आम्ही लहानपणी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर दगड टाकायचो त्यासाठी. आळ यायचाच असतो ना, तो असा घरच्या घरी घालून टाकला की बाहेरचा येत नाही म्हणतात." त्यांनी बॅटरी पुन्हा लावली. "तिला शिव्या येत नाहीत गं. दुपारपासून माझ्याकडून विचारून घ्यायलीय. कत्ती मी सांगितली, कन्नडातलं गाढव."

मेधाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिला त्या बाईवर अजून तेवढंच चिडायचं होतं, आणि चिडायला जागाच राहिली नव्हती. हे तर त्याहून संतापजनक होतं.

बाहेरच्या खोलीत अंबूताई, संतोष आणि श्रीनिधी आरतीची पुस्तकं शोधत होते. स्वयंपाकघरात शकुंतलाबाई बंद खिडकीसमोर, पाठमोऱ्या, आधीच पुसलेला ओटा पुसत होत्या. त्यांचा घसा बसला होता.

"पानं मांडायची आहेत," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"आई, माझं सहा महिन्यांचं काम बुडालं."

"कळलं मला."

"तुम्ही अर्ध्या मिनिटानं दिल्या असत्या तरी चाललं असतं. चंद्र कुठे पळून जात होता? वर येऊन सांगितलं असतंत, मेधा, तुला शिव्या द्यायच्या आहेत, तर मी म्हटलं असतं, द्या, पण सात पस्तीसला द्या."

"सांगून दिलेल्या लागू होत नाहीत."

मेधानं ताटं खाली आदळली. मग जे विचारायचं नाही असं बारा वर्षं या घरात शिकली होती, तेच तिच्या तोंडून गेलं. "मग त्या वर्षी अप्पांनी चंद्र बघितला, तेव्हा त्यांना का नाही दिल्यात?"

ओट्यावरचा हात थांबला.

"ह्यांनी कुठं बघितला? ह्यांनी वर मानसुद्धा केली नव्हती. मी बघितला. सोवळं वाळत घातलेलं आणायला गच्चीवर गेले, तर समोरच. असा, टपोरा." त्यांनी फडकं पिळलं, ते पाण्याचा थेंबही न पडता नुसतं पिळलं गेलं. "माझ्यावर यायचा तो ह्यांच्यावर गेला."

"आणि तुम्हाला कुणी—"

"मला कोण देणार शिव्या? सासूबाई आधीच गेलेल्या. ह्यांचा जन्मात कधी आवाज नाही. बहीण माझी लहान. ह्या वनिताच्या सासूकडं गेले मी त्या रात्री, म्हटलं, मला दोन वाईटसाईट बोला हो. त्या हसल्या. म्हणाल्या, शकुंतलाबाई, तुम्हाला कोण काय बोलणार, आणि ओटी भरून पाठवलं." त्या वळल्या. डोळे लाल होते. "एवढ्या चांगल्या माणसांत राहून माझा काय फायदा झाला, सांग."

बाहेरून श्रीनिधीनं झांज वाजवून बघितली आणि आरतीला या म्हणून हाक मारली.

फोन थरथरला. ज्योतीचा मेसेज होता. तक्त्यात धारवाडसमोर 'नोंद नाही' लिहिलंय, कारण काय टाकू, ढग? मेधानं 'हो' लिहिलं आणि पुसलं. 'घरगुती अडचण' लिहिलं, तेही पुसलं. मग लिहिलं, "आकाश स्वच्छ होतं. चूक माझी, नजर हटली." पाठवून दिलं, फोन पिठाच्या डब्यावर उपडा टाकला, आणि अजून धुमसतच आरतीला गेली.